हलका हात

नवी गाडी इतकी गुपचूप धावायची की डब्यात माशी घोंगावली तरी ऐकू यावी. तिकीट तपासनिसाच्या हातात आता यंत्र होतं. प्रवाशाने मोबाईल पुढे करायचा, यंत्राने 'टिंग' म्हणायचं. तिकिटाला भोक पाडायचा त्याचा जुना चिमटा बायकोने घरी कपाटात कुलूपबंद केला होता. प्रत्येक तपासनिसाच्या चिमट्याच्या भोकाचा आकार वेगळा असे, याचा चंद्रकोरीचा.

पुढच्या डब्यातून आवाज आला. कट्ट.

हा आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. कुणाला तरी चेष्टा सुचली असेल, असं वाटून तो तरातरा पुढे गेला.

"तिकीट?"

"आत्ता तुम्हीच तर तपासलंत," गळ्यात टेप अडकवलेला शिंपी म्हणाला आणि त्याने मोबाईल दाखवला.

मोबाईल चालू होता. काचेला साधा तडा नव्हता. पण कोपऱ्यात आरपार चंद्रकोर पडली होती आणि तिच्यातून शिंप्याचं बोट दिसत होतं.

कट्ट. आवाज शेवटच्या डब्यातून आला.

तिथे खिडकीपाशी एक म्हातारी तेवढी बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन.

"आजी, इथे कोण आलं होतं?" त्याने विचारलं.

"विसरलात होय? मोबाईल नाही म्हटल्यावर तुम्हीच म्हणालात, हात पुढे करा." म्हातारी कौतुकाने हसली. "पण हात हलका आहे हो तुमचा. काही कळलंसुद्धा नाही."

तिने उन्हात तळहात उघडला. पिशवीवर हाताची सावली पडली आणि सावलीच्या मधोमध, उन्हाची एक छोटीशी चंद्रकोर.