एका ओळीत सात चुलते

सुरुचीने लग्नपत्रिका उलटी केली आणि मागच्या बाजूवरून बोट फिरवले. अक्षरांचे उठाव बोटाला लागले.

शिशाची अक्षरे जुळवून केलेली, खिळ्यांची छपाई आहे, १९८९ साल बसते, असे तिने सांगितले.

पृथ्वीराजला ते पटले नाही. आई सोजरबाईंना घेऊन तो मांजरी गावाहून पुण्यात नारायण पेठेत तिच्याकडे आला होता, तो पत्रिका खोटी आहे हे ऐकायला. वडील दत्तोबा जानेवारीत वारले. महिनाभरात मुक्ताई नावाची बाई कोर्टात गेली. दत्तोबांची लग्नाची बायको मीच, असा तिचा दावा, आणि पुरावा ही पत्रिका. पत्रिकेची एक प्रत वकिलामार्फत तपासायला मिळाली होती. सुरुची संगणकासाठी देवनागरी अक्षरे, म्हणजे फाँट, तयार करते आणि छापील कागदाचे वय सांगू शकते, असे त्याच वकिलाने सांगितले होते.

कागद चहात बुडवून जुना करतात, असे पृथ्वीराजने कुठेतरी वाचले होते. बुडवलेला कागद सुकताना वेडावाकडा होतो, हा झालेला नाही, एवढेच सुरुची म्हणाली.

"मग हे बघा. सातातले दोन चुलते खालच्या ओळीत. आमच्या भावकीत असं छापलं तर मांडवात डोकी फुटतील."

शिशाचा खिळा दाबून अरुंद होत नाही, तिने समजावले. नावे मावली नाहीत की ओळ मोडायचीच.

सोजरबाई उठल्या. "चल की आता. बाईंना कामं हायती."

पृथ्वीराजने त्यांना बसवले आणि पिशवीतून दुसरी पत्रिका काढली. आईवडिलांच्या लग्नाची, १९८६ची. वडिलांच्या ट्रंकेत ही एकच प्रत सापडली होती. उद्या ती कोर्टात द्यायची होती. ती ग्राह्य धरली की आईचे लग्न आधीचे ठरणार आणि मुक्ताईचा दावा संपणार.

"खरी पत्रिका कशी असते, ते बघा. सातही एका ओळीत."

सुरुचीने पत्रिका दिव्याखाली धरली. अक्षर उंच, अरुंद. उभे दंड जाड, आडव्या रेघा केसासारख्या. सात नावे अंग चोरून एका शिरोरेषेखाली बसली होती. तिने मागच्या बाजूवरून बोट फिरवले. कागद गुळगुळीत होता.

तिने संगणकाचा पडदा पृथ्वीराजकडे वळवला. तेच अक्षर होते. वर्तमानपत्राच्या मथळ्यांसाठी काढलेले. पुढे पत्रिका छापणाऱ्यांनी ते उचलले, कारण त्यात अख्खी भावकी मावते.

"हे अक्षर माझं आहे," ती म्हणाली. "मी ते २०१७ साली काढलं."

पृथ्वीराजने पत्रिका पडद्याशेजारी धरून अक्षरे ताडून पाहिली. मग त्याने आईला विचारले, ही कोणी छापली.

"तुझ्या बापानं," सोजरबाई म्हणाल्या. "तुझी सोयरीक जमत होती तवा. म्हनले, पोरीकडच्यांनी आपल्या लग्नाचं इचारलं तर पोराची मान खाली जाया नको."