उष्णतेचा वाटेकरी

निरोप समारंभाच्या मंचावर विद्याधर इनामदारांनी दुसऱ्यांदा रुमाल काढला, तशी पहिल्या रांगेतल्या त्यांच्या बायकोने, हेमांगीने, अंगावरची शाल सावरून घेतली.

सहा वर्षं तिच्या अंगातून जाळ निघत होता. पाळीचं तंत्र बिघडलं, झोप उडाली. "सगळे मनाचे खेळ आहेत," म्हणून विद्याधर पंखा बंद करायचे. शेवटी डॉक्टरीणबाईंच्या यंत्राने दाखवून दिलं, की हिचा ताण नेमका कोणाच्या आवाजाने चढतो. मग दोघांच्याही दंडात चिप बसवली. ताण चढणार हिचा, जाळ उठणार त्यांच्या अंगात, आणि चिप काढायची की नाही हेही हीच ठरवणार. संमतीच्या कागदावर विद्याधरांनी न वाचताच सही ठोकली होती. हिचे कागद त्यांनी कधी वाचलेच नव्हते.

तेव्हापासून ते घरात आवाज चढवत नसत, चहासुद्धा करत.

पण आठवणीनेही ताण तितकाच चढतो, हे हेमांगीला परवाच उमगलं होतं.

"माझ्या यशाचं श्रेय सौभाग्यवतींना," ते माईकवर म्हणाले.

तिने डोळे मिटले. पुतणीच्या डोहाळजेवणात, घामाने निथळणाऱ्या हेमांगीला, ते पाहुण्यांदेखत म्हणाले होते, "नाटकं पुरे!"

मंचावर विद्याधर लालबुंद झाले. "अहो, पंखा वाढवा कोणीतरी!"

"साहेबांना बरं नाही का हो?" शेजारच्या बाईंनी विचारलं.

"छे, सगळे मनाचे खेळ आहेत," हेमांगी गोड हसून म्हणाली आणि सावकाश पुढची आठवण निवडू लागली.