डॉक्टरांच्या कमरेतली कळ

डॉक्टर सरनोबतांनी जोडीतला दुसरा पट्टा स्वतःच्या कमरेला बांधला, डोळे मिटले आणि मान हलवली. "मालनबाई, मला काहीच दुखत नाहीये."

याही खेपेला तेच. पेशंटच्या कमरेला बांधलेल्या पट्ट्यातून दुखणं डॉक्टरांच्या पट्ट्यात आणि अंगात उतरायचं आणि त्यांना ते जाणवल्याशिवाय ऑपरेशन मंजूर होत नसे. मालनबाईंच्या एक्स-रेत मणक्यावर वाढलेलं हाड स्पष्ट दिसत होतं, पण एक्स-रेला आता कोणी विचारत नव्हतं.

"इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिले की पाय बधिर होतात हो," त्या म्हणाल्या. नेहमीसारख्याच त्या हात जोडून, पुढे वाकून बसल्या होत्या. मोठ्या माणसापुढे ताठ बसायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

"वयाचा भाग आहे. मनावर घेऊ नका."

मालनबाईंचं डोकं फिरलं. जोडलेले हात सोडून त्या जायला म्हणून ताठ उभ्या राहिल्या.

डॉक्टरांच्या कमरेतून निघालेली कळ थेट टाचेपर्यंत गेली. त्यांनी टेबलाची कड धरली. पट्ट्याचं बक्कल पाठीमागे होतं, कळेमुळे तिथवर हात पोचेना.

"बसा," ते कसेबसे म्हणाले. "मघासारख्या वाकून बसा."

वाकलं की बरं वाटतं, हे मालनबाईंना घरी ठाऊक होतं. इथे वाकून बसल्यामुळेच डॉक्टरांना काही जाणवत नव्हतं, हे आत्ता लक्षात आलं. त्यांच्याही पायात तीच कळ होती, पण त्या हलल्या नाहीत.

"आधी मंजुरी लिहा," त्या म्हणाल्या. "मग वाकते."