पाय आत होता

शत्रुघ्नने वाकून मध्यरेषेवरची वाळू कपाळाला लावली आणि तो आत शिरला.

गणपत रेषेवर उभा होता. संघ त्याने जमवलेला, म्हणून आजच्या निवडीचा पंचही तोच. पुढच्या शुक्रवारी अंतिम सामना. त्यात चढाईला कुणाला धाडायचं, हे त्याला आज ठरवायचं होतं. कुवेतच्या सुलैबियातल्या यार्डामागच्या मोकळ्या जागेवर उन्हं उतरली होती. मंडळी कडेने उकिडवी बसली होती. फोरमन आपल्या पिकअपच्या मागच्या फळीवर बसून पेप्सी पीत होता.

बाळा आणि प्रसादच्या चढाया होऊन गेल्या होत्या. बाळाच्या पायांत वारा होता, पण एक गडी टिपला की तो आधी लोकांकडे बघायचा, मग रेषेकडे. प्रसादचे हात लांब आणि डोकं थंड. तो कधी पकडला जात नसे, कारण तो कधी आत जातच नसे.

आणि हा शत्रुघ्न. दहा गावांच्या मैदानांवर त्याच्या नावाने पोरं ओरडायची. गेले काही शुक्रवार मात्र तो हात हलवत परत येत होता. वय झालं, असं मंडळी म्हणत.

वय नव्हतं झालेलं. गणपतला ठाऊक होतं. आखाती लढाई संपल्यावर दोघे एकाच विमानाने इथे आले. खैतानच्या खोलीत दोघांची एकच दुमजली खाट, वर शत्रुघ्न, खाली गणपत. यार्डात शत्रुघ्न वाळूचा मारा करून पाइपांचा गंज काढायचा. ती वाळू कुठे गेली, ते खालच्या खाटेवर रोज रात्री त्याच्या श्वासात ऐकू यायचं.

एकदाच गणपत बोलला होता, "डॉक्टराक दाखव."

"कित्याक? चंद्रहासाक धाडलो तसो माकाय घराक धाडूक?" शत्रुघ्न म्हणाला होता. "माझ्या पोरीचा, विनिताचा नर्सिंग पुरा होवक अजून दोन वर्सां आसत. परत माझ्या दमाचा नाव काढलंस, तर तुझा माझा संपला."

चंद्रहास यार्डात फोरमनला खोकताना दिसला आणि आठवड्यात घरच्या विमानात बसला.

शत्रुघ्न खोल गेला. समोरचे गडी पसरले. "कबड्डी, कबड्डी," सूर जुनाच होता, तळातून येणारा. डाव्या कोपऱ्यातला गडी पुढे झाला आणि शत्रुघ्नचा पाय सापासारखा सरकला. गडी टिपला. कडेची मंडळी उठून ओरडली. शत्रुघ्न सीमारेषेच्या कडेकडेने परत फिरला. ओठ हलत होते, "कबड्डी, कबड्डी."

आवाज नव्हता. नुसते ओठ.

ओरड्यात ते गणपतखेरीज कुणाला कळलं नाही. खुद्द शत्रुघ्नलाही नाही. रेषा ओलांडून तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. त्याची पाठ भात्यासारखी वरखाली होत होती.

फोरमनने पेप्सी खाली ठेवली. "ए गणपत! उसका साँस फूल रहा है क्या?"

अंतिम सामन्याला मोठे साहेब येणार होते. समोर माइक असणार होता, दम तुटला की सगळ्यांना ऐकू जाणार होतं.

"नहीं साब," गणपत म्हणाला. "पैर लाइन के बाहर गया. आउट."

शत्रुघ्नने मान वर केली. "बाहेर? खंय बाहेर? डोळे गेले काय तुझे?" पुढचे शब्द त्याला जमेनात. त्याने नुसतं बोट दाखवलं. चुन्याच्या रेघेपासून चांगलं वीतभर आत, पाणी मारलेल्या वाळूत, त्याचं पाऊल स्वच्छ उमटलं होतं.

गणपत चालत तिथे गेला. चपलेने ते पाऊल त्याने पुसून टाकलं.

"पंच कोण? मी. बाहेर."

बाळा तेवढा हसला, "दादानू, आता तुमी लिंबाचा पाणी वाटा!" आणि कुणी साथ देईना, तसा तो पायाची वाळू झटकू लागला.

"चढाईक बाळा," गणपत म्हणाला. "प्रसाद राखीव."

परतीच्या गाडीत गणपतच्या शेजारची जागा रिकामी राहिली. उभे राहिलेल्यांपैकीही कुणी तिथे बसलं नाही.

खैतानला पोचल्यावर शत्रुघ्नने वरच्या खाटेवरची गादी गुंडाळली. फोरमनचा मेव्हणा त्याच खोलीत राहायचा. तो दाराशी कांदा चिरत होता. त्याचा हात थांबला.

गादी काखेत मारून शत्रुघ्न गणपतसमोर उभा राहिला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता. "माका खेळव नको. पण एकदा म्हण, पाय आत होतो."

गणपतने मेव्हण्याकडे पाहिलं. आत होता म्हटलं, तर मग बाद कशाने, हेही सांगावं लागणार होतं.

"बाहेर होतो," तो म्हणाला.

शत्रुघ्न शेजारच्या खोलीत गेला. तिथे एक खाट मोकळी होती, चंद्रहासची.

मेव्हणा परत कांदा चिरू लागला. गणपत आपल्या खाटेवर आडवा झाला. वरच्या फळ्या इतक्या वर्षांत त्याने कधी नीट पाहिल्या नव्हत्या. मधल्या फळीला चीर गेली होती.

थोड्या वेळाने प्लायवुडच्या भिंतीपलीकडून तो आवाज आला, आत ओढलेला, अडकलेला, मग सुटलेला.

गणपत उठला. पायथ्याची बाजू त्या भिंतीला लागून होती. त्याने उशी उचलली आणि पायथ्याशी नेऊन ठेवली.