इथे कोणी राहत नाही

"खोकलीस तर याद राख," असं म्हणून शशिकलाबाईंनी पूर्णिमाला आत ढकललं आणि दाराला बाहेरून कुलूप घातलं. उषाच्या आणि मंजिरीच्या दारांना आधीच घातलं होतं.

आज कर्जाच्या हप्त्याचा दिवस, आणि पैसे जमले नव्हते. गटातली एकजण चुकली की कंपनीचा माणूस सगळ्यांना रस्त्यावर बसवतो. मागच्या वेळी उषा संध्याकाळपर्यंत बसली होती आणि नेमका तेव्हाच तिचा नवा जावई आला. गाडीवरून न उतरताच परत गेला. तेव्हापासून उषा मान वर करत नव्हती.

गट बाईंनीच जमवला होता, म्हणून ती शरम त्यांचीही. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही. मिलमधल्या क्लार्कची सून, जन्मात कुणाला फसवलं नाही, आणि आता या वयात खोटं बोलायचं. बोलायचं तर बोलायचं.

कालच चौकातल्या सभेत त्यांनी दोन्ही पार्ट्यांना झाडलं होतं. एक म्हणे, कर्जामुळे बायका पायावर उभ्या राहिल्या. दुसरा म्हणे, आम्हाला निवडा, कंपन्यांना गल्लीत पाय ठेवू देणार नाही.

"भिया, भाषण नंतर दे," बाई कडाडल्या होत्या. "मतदार यादीत नाव नसलेल्या बाईला तुम्ही पाणी तरी विचारता का?"

टाळ्या पडल्या. का नाही पडणार? उन्हाळाभर चपला झिजवून गल्लीतल्या बायकांची नावं त्यांनीच यादीत घालून घेतली होती.

मोटरसायकल थांबली. जुना वसुलीवाला विक्रांत बदलून गेला होता, आज नवा येणार होता. पाठीवर बॅग, हातात बायकांचे फोटो छापलेले कागद.

"नमस्कार आजी. मी—"

"माहीत आहे कोण ते. कोण पाहिजे?"

"पूर्णिमाजी?"

"गेली. बेटम्याला, भावाकडे."

"परत कधी येतील?"

"आता कशाची येते! सामानसुद्धा नेलं."

"आणि उषाजी?"

"हातोदला, लेकीकडे. तिथेच राहते आता."

"मंजिरीजी पण?"

"कुलूप दिसत नाही? का हात लावून बघतोस?"

तो ओशाळला. कागदावर काहीतरी लिहून त्याने तो पुढे केला. "शेजारी म्हणून इथे अंगठा द्याल?"

"अंगठा तुझ्या साहेबाला माग. मला सही येते."

चष्मा घरात होता. बाईंनी न वाचताच सही ठोकली. कान मात्र तापले होते.

"बरं झालं आजी, माझा फेरा वाचला," तो कागद आत ठेवत म्हणाला. "मी शाळेतला मास्तर. या बूथचं काम माझ्याकडे आहे. तिघींची नावं मतदार यादीतून काढायला पाठवतो."

बाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात मागे दुसरी मोटरसायकल येऊन थांबली.

"भिया, जरा साइड देना," म्हणत एक पोरगा उतरला. "पूर्णिमा, उषा, मंजिरी... हप्त्याचा ग्रुप हाच ना? कुठे राहतात त्या?"

मास्तर बाईंकडे वळला. "या आजींना विचारा. काय आजी, राहतात का त्या इथे?"

बंद दारांआड तिघी ऐकत होत्या.

"नाही," शशिकलाबाई म्हणाल्या.