सरकार पक्ष

मसुऱ्याच्या सत्यवतीच्या मुलाचा, सिद्धेशचा, खून झाला. पुराव्याअभावी आरोपी सुटला, तेव्हा सरकारने अपील केलं आणि ते लढवायला कोल्हापूरला हायकोर्टात खुद्द राज्याचे महाधिवक्ता उभे राहिले.

पहिल्याच तारखेला सत्यवतीने त्यांना व्हरांड्यात गाठून हात जोडले. "साहेब, माका ह्यो खटलो नको. मिटवून टाका."

"आजी, मी तुमचा वकील नाही, राज्याचा आहे," ते समजुतीने म्हणाले. "खून हा राज्याविरुद्धचा गुन्हा असतो. तो तुम्हाला माफ करता येत नाही."

त्यांनी बाजू अशी मांडली की निकाल फिरला. आरोपीला जन्मठेप झाली. कोर्टाबाहेर लोक त्यांचं अभिनंदन करत होते, आणि एका वार्ताहराने सत्यवतीपुढे माईक धरला.

"आजी, अखेर तुमच्या मुलाला न्याय मिळाला. काय वाटतं?"

ती पोलिसांच्या गाडीकडे बघत होती.



"मेलो तो माझो धाकलो झील," ती म्हणाली. "आणि आता ह्येंनी गाडीत घातलो, तो थोरलो."