पडलेला शिकारी

"धनेश माझ्या नवऱ्याला मारून मोकळा फिरतोय, आणि त्याच्याच हॉलसाठी मी चित्र काढतेय," शशिकला ब्रश पुसत म्हणाली.

"म्हणूनच काढ, ताई," निनाद म्हणाला. "रोज बघायला लागू दे त्याला."

धाकट्या भावाने दोन वर्षं हा राग तिच्याबरोबर जागता ठेवला होता. शिकारीचा नाद असलेल्या धनेशचं नावही आधी त्यानेच घेतलं होतं. तिचा नवरा कमलाकर फॉरेस्ट गार्ड. चोरून शिकार करणारे घरचे असले तरी गय करायचा नाही. आपटा गावाजवळच्या रानात कुणीतरी त्याला पाठीमागून गोळी घातली. बातमी कळताच निनाद पुण्याहून धावत आला, अग्नीही त्यानेच दिला. पोलिसांच्या हाती काही लागलं नाही.

शशिकला पनवेलच्या शाळेत चित्रकला शिकवायची. धनेशला फार्महाऊससाठी नक्कल हवी होती, सतराव्या शतकातल्या एका युरोपीय बरोक चित्रकाराने विशीत काढलेल्या शिकारीच्या चित्राची. कुत्रे, भाले, चवताळलेलं रानडुक्कर आणि त्याच्यापुढे आडवा पडलेला एक शिकारी. त्या तरुण चित्रकाराला डुक्कर जमलं नव्हतं. माणूस मात्र नेमका जमला होता.

त्या माणसाला तिने कमलाकरचा चेहरा दिला. खाकी कपडे चढवले, दोन्ही पायांत बूट घातले.

सापळा बुटात होता. त्या दिवशी रानात सगळ्यांत आधी तीच पोहोचली होती. कमलाकरचा डावा बूट बाजूला पडला होता. पोलीस यायच्या आत तिने तो त्याच्या पायात घालून नाडी बांधली. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, निनादलाही नाही. ज्याने मारलं, त्याचीच नजर त्या बुटाशी अडखळणार होती.

रविवारी निनाद घरी असतानाच धनेश आला. चित्रापुढे उभं राहून त्याने हात जोडले.

"हे तं कमलाकर साहेब! बाई, मानूस सोन्यासारखा होता. पन हे मी भिंतीला नाय लावू शकत. माझी आय रडंल. पैसे घ्या, चित्र तुमीच ठेवा."

बुटाबद्दल चकार शब्द न काढता तो गेला. दोन वर्षांचा राग आता न्यायचा कुठे, शशिकलाला कळेना.

"एक नंबरचा नाटकी," निनाद म्हणाला. तो चित्राजवळ वाकून बघत होता. "काढलंयस मात्र हुबेहूब. फक्त हा डावा बूट पुसून टाक, ताई. खडा झटकायला काढला होता ना भाऊजींनी."